अनामिकाचे लिंग

मराठी समीक्षेच्या पानांवर पुरुषांची नावे बहुधा आद्याक्षरांनी येतात आणि स्त्रियांची पूर्ण. वा. ल. कुळकर्णी, रा. भा. पाटणकर, म. वा. धोंड, दि. के. बेडेकर, रा. ग. जाधव ही एक ओळ. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, सरोजिनी वैद्य, विजया राजाध्यक्ष, पुष्पा भावे ही दुसरी. भालचंद्र नेमाडे, गंगाधर पाटील असे अपवाद आहेत. पण संकेत अपवादांनी मोडत नाही. आद्याक्षरांमागे व्यक्ती मागे सरते आणि आडनाव, म्हणजे अधिकार, पुढे येतो. पूर्ण नावात मात्र स्त्री ही स्त्री म्हणूनच वाचकासमोर उभी राहते. शिवाय ते नावही स्थिर नसते. कुसुम जयवंत पुढे कुसुमावती देशपांडे होतात. दुर्गा भागवत आणि कमला सोहोनी या सख्ख्या बहिणी, हे नावांवरून कळत नाही. कमलाबाईंचे केंब्रिजचे संशोधन भागवत या नावाने झालेले, नंतरचे सोहोनी या नावाने. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत १९३३ साली त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला आणि मग अटींवर दिला गेला तो त्या स्त्री आहेत म्हणून. तेव्हा तेथे नाव हीच हरकत होती.

या दोषावर ज्ञानव्यवहाराने काढलेला उपाय म्हणजे नाव झाकणे. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळू नये, परीक्षक कोण हे लेखकाला कळू नये. उपायाची गरज कल्पित नाही. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्यांचे मूल्यमापन तपासून दोन संशोधिकांनी १९९७ साली दाखवून दिले, की पुरुष अर्जदाराइतकीच गुणवत्ता मान्य होण्यासाठी स्त्रीच्या नावावर सुमारे अडीच पट संशोधन असावे लागत होते. समतेबद्दल ख्याती असलेल्या देशातली ही गोष्ट. परीक्षक दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही; त्यांना नाव दिसत होते, एवढे पुरेसे होते.

तथापि मराठीत हा उपाय एका वेगळ्याच जागी अडतो. येथे नाव खोडले तरी क्रियापद बोलते. ‘मी मानतो’ की ‘मी मानते’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘मी म्हटले’ असा सकर्मक भूतकाळ तेवढा आडोसा देतो. पण भूतकाळात युक्तिवाद किती वेळ चालवणार? म्हणून ‘असे म्हणता येईल’, ‘असे दिसते’ ही अकर्तृक शैली प्रतिष्ठित होते, आणि अगदीच निकड पडली तर ‘प्रस्तुत लेखकाच्या मते’. परीक्षकाचा अभिप्रायही पाहावा: ‘लेखकाने संदर्भ तपासलेले नाहीत’, ‘अभ्यासकाने मांडणी आटोपशीर करावी’. ज्याचे लिंग माहीत नाही तो पुल्लिंगीच. मराठीत नपुंसकलिंग आहे, पण ते विद्वानासाठी नाही. आणि ‘समीक्षिका’ हा शब्द असूनही ‘कवयित्री’सारखा रुळलेला नाही. म्हणजे अनाम लेखक स्त्री-पुरुषभेदापलीकडचा कोणी नसतो. तो पुरुष असतो. झाकण घालून स्त्रीला न्याय मिळतो खरा, पण तो ती पुरुष समजली गेल्यामुळे.

येथे टोपणनावाशी तुलना उद्बोधक ठरते. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आले. त्या नावाने लेखिकेची ओळख लपवली, स्त्रीत्व लपवले नाही. किंबहुना स्त्रीत्वाच्या बळावरच त्या कथा समाजाला झोंबल्या. अनाम परीक्षणाची रीत याच्या उलट आहे. ती व्यक्तीबरोबर तिचे स्थानही पुसू पाहते. आणि स्थान पुसून ज्ञान निर्मळ होते, या गृहीतकालाच तर स्त्रीवादी विचाराने हरकत घेतली आहे. ‘दलित स्त्रिया वेगळे बोलतात’ या आशयाच्या शीर्षकाचा गोपाळ गुरू यांचा लेख १९९५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी त्याच नियतकालिकात १९९८ साली तो धागा उचलून भूमिदृष्टीचा प्रश्न मांडला: चळवळीतली ‘स्त्री’ सवर्ण कल्पिली गेली आणि ‘दलित’ पुरुष. अशा लेखात बोलणारी व्यक्ती कोठे उभी आहे हे तळटीपेत टाकण्याजोगे नसते. तो युक्तिवादाचाच भाग असतो. मराठी आडनाव जातही सांगते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

मग नाव झाकावे की नाही? झाकावे. परंतु नाव आणि स्थान या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतील. नाव हे लेखाच्या बाहेरचे लेबल आहे. निर्णय होईपर्यंत ते दूर ठेवल्याने लेखाचे काही बिघडत नाही. लेखातली ‘मानते’ ही क्रिया मात्र लेखाची आहे. ती ‘मानता येईल’ अशी करून पाठवा, असे सुचवणारा संपादक निःपक्षपातीपणाच्या नावाखाली शैलीची एक जुनी मक्तेदारी राखत असतो. परीक्षकाने ‘मानते’ वाचूनही न्याय करावा, ही अपेक्षा जास्त नाही.

अर्थात हे सारे संपादकाच्या टेबलावर पोहोचलेल्या लेखांपुरते झाले. न पोहोचलेल्यांना झाकण किंवा उघडेपणा दोन्ही लागू नाही. कल्याण-डोंबिवलीत राहून नवी मुंबईत शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा दिवस शीळफाट्यावर मोजता येतो. कल्याणचा रस्ता तेथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. ठाणे, पनवेल आणि महापे यांची वाहने एकाच ठिकाणी तुंबतात. तिच्याबरोबर तिचा सहकारी पुरुषही त्याच कोंडीत अडकतो, हे खरे. फरक घरी पोहोचल्यावर सुरू होतो. २०२० च्या टाळेबंदीत प्रवास थांबला, तेव्हा पुरुषांकडून येणारे लेख वाढले आणि स्त्रियांचे त्या प्रमाणात वाढले नाहीत, असे अनेक विषयांतील नियतकालिकांना आढळले. कोंडी फक्त रस्त्यावरची नव्हती.

इकडे २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले. मान्य नियतकालिकांची यादी पुण्याच्या विद्यापीठातील कक्षामार्फत २०१९ पासून चालली आणि २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. या सगळ्या काळात निबंध मोजले गेले, ते लिहिण्यास लागणारा वेळ कोणाकडून येतो हे मोजले गेले नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली. जोतीराव फुल्यांनी तिची पाठराखण केली, पण स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा उजेडात आणेपर्यंत मराठी समीक्षेने तिची दखल घेतली नाही. त्यांचे दुसरे पुस्तक नाही. ते नाकारले गेले की लिहिलेच गेले नाही, हे कोणत्याही परीक्षकाच्या अभिप्रायावरून आता कळणार नाही.