हेडलीचा सौदा

ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटून डेव्हिड हेडली या अमेरिकी नागरिकाने मुंबई हेरली. ताज, ओबेरॉय, सीएसटी, नरिमन हाऊस या जागांचं चित्रीकरण लष्कर-ए-तैयबापर्यंत पोहोचवलं. 26/11च्या हल्ल्यात 166 माणसं गेली. एवढं करूनही हेडलीवर खटला कधी चालला नाही. 18 मार्च 2010 रोजी शिकागोच्या न्यायालयात त्याने बाराही आरोप कबूल केले आणि दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: देहदंड नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. 2013 मध्ये त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली.

या सौद्याने बरंच उघड केलं, हे मान्य करायलाच हवं. लष्करची प्रशिक्षणं, आयएसआयच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटी, पैशांची व्यवस्था हे त्याने सांगितलं. 2016 मध्ये माफीचा साक्षीदार म्हणून मुंबईच्या न्यायालयालाही व्हिडिओवरून सांगितलं.

पण याआधी हेरॉइनच्या तस्करीत दोनदा पकडला गेलेला हा माणूस दोन्ही वेळा माहिती पुरवून थोडक्या शिक्षेवर सुटला होता. पुढे तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्याही होता. त्याच्या बायकांनी हल्ल्याच्या आधीच अमेरिकी अधिकाऱ्यांना सावध केलं होतं. मग तो मोकळा फिरला कसा? हे भर न्यायालयात, शपथेवर, संबंधित अधिकाऱ्यांना विचारलं जायला हवं होतं. कबुलीजबाब आला की सरकार पक्षाला काही सिद्ध करावं लागत नाही, आणि त्याच झटक्यात सरकारची स्वतःची झडतीही टळते. शिकागोतच पुढे सहआरोपी तहव्वुर राणाच्या खटल्यात हेडलीची कसून उलटतपासणी झाली खरी, पण राणाच्या वकिलांना राणाला सोडवायचं होतं, सरकारला जाब विचारायचा नव्हता.

सौदा नाकारणाऱ्याचं काय होतं, तेही पाहा. अमेरिकेतल्याच केंटकीतल्या पॉल हेज नावाच्या आरोपीने 88 डॉलर 30 सेंटच्या बनावट चेकच्या प्रकरणात पाच वर्षांचा सौदा नाकारला. सरकारी वकिलाने धमकी दिल्याप्रमाणे त्याचे जुने गुन्हे काढून सराईत गुन्हेगाराचं कलम लावलं, जन्मठेप झाली. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. हेजपाशी विकण्यासारखी माहिती नव्हती. हेडलीपाशी होती. शिक्षेचं माप गुन्ह्यावरून ठरतं, असं या दोन निकालांकडे पाहून मला म्हणवत नाही.

एप्रिल 2025 मध्ये राणाला भारतात आणलं. त्याला मुंबईच्या कटात शिकागोच्या ज्यूरीने निर्दोष ठरवलं होतं. ज्याने तो कट स्वतः कबूल केला, तो हेडली मात्र करारामुळे अमेरिकेतच राहील.