वाजवणारा आणि ऐकणारा

गाणे-बजावणे हलाल की हराम, हा वाद आपल्या मोहल्ल्यांत नवा नाही. त्याचा फैसला करण्याइतके इल्म आमच्यापाशी नाही, तो आमचा अधिकारही नाही. आम्ही उर्दू शाळेतले साधे शिक्षक. आमचा प्रश्न वेगळा आहे. वाजवणे जर गुन्हा, तर ऐकणारा त्यातून सुटतो कसा?

संगीतकार नौशाद अली 1937 मध्ये लखनौहून मुंबईला आले आणि उस्ताद झंडे खान यांच्या वाद्यवृंदात महिना चाळीस रुपयांवर पियानो वाजवू लागले. 1944 च्या 'रतन'ने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. निकाहाच्या वेळी मात्र घरच्यांनी सासरी सांगितले, की मुलगा मुंबईत दर्जीकाम करतो. हा किस्सा नौशादसाहेब पुढे स्वतःच सांगत. बारातीत बँड वाजत होता, आणि वाजत होती 'रतन'चीच गाणी. वडीलधारी मंडळी ती गाणी करणाऱ्याला दूषणे देत होती. नवरदेव गप्प.

लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. आम्हाला त्यातला बँड दिसतो. बारातीचा बँड काही आपोआप येत नाही. कोणीतरी तो ठरवतो, बिदागी पक्की करतो, गाण्यांची फर्माईशही करतो. म्हणजे गाणे हवे होते, वाजवणारे हवे होते. फक्त जावई त्यांच्यातला नको होता.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. पश्चिमेत हॉर्न नावाचे वाद्य आहे. गाडीचा भोंगा नव्हे. गोल गुंडाळलेली लांबलचक पितळी नळी आणि टोकाला रुंद कर्णा. अठराव्या शतकात त्याला झडपा नव्हत्या, कर्ण्यात हात घालून सूर साधावे लागत. बोहेमियातला श्टिख हा काउंट थून या सरदाराच्या जहागिरीतला वेठबिगार मुलगा या विद्येत तयार झाला. सरदारानेच त्याला शिकवले आणि पदरी ठेवले. विशीत तो पळाला, तेव्हा सरदाराने शिपाई धाडले. हुकूम असा, की सापडला तर त्याचे पुढचे दात पाडा. दात गेले की हॉर्न गेला. श्टिखने इटालियन नाव धारण केले, जोव्हान्नी पुंटो. 18 एप्रिल 1800 रोजी व्हिएन्नात हा पुंटो हॉर्न घेऊन उभा राहिला आणि पियानोवर बसला होता खुद्द बीथोव्हेन. ती सोनाटा बीथोव्हेनने त्याच्यासाठीच रचली होती. हॉर्न आणि पियानोच्या मैफलींत ती आजही वाजते.

सरदाराला सूर हवे होते आणि माणूस मुठीत हवा होता. नौशादसाहेबांच्या मागे कोणी शिपाई नव्हते. तरी त्यांना आपला धंदा लपवावा लागला. कोणाच्या धाकाने? आपल्याच.

यावर कोणी शरियतचे नाव घेईल. जरूर घ्यावे. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये या विषयाला स्वतंत्र भाग दिला आहे, आणि त्यातली चर्चा आहे 'समा'ची. समा म्हणजे ऐकणे. ऐकून काळजात काय जागे होते, याचा हिशेब ते मांडतात. काही फुंकवाद्ये आणि तंतुवाद्ये त्यांनी मना केली, पण कारण दिले ते शराबी मैफलींच्या सोबतीचे. आवाज गोड लागतो म्हणून नव्हे. याहून कडक मते देणारे आलिम होते आणि आहेत, त्यांचे दाखलेही कमी नाहीत. पण बुजुर्गांनी जाब विचारला तो ऐकणाऱ्यालाही. आपण तो सारा वाजवणाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे झालो.

जो बुजुर्ग मुलाच्या शादीत बँड नाकारतो, घरात गाणे लावू देत नाही आणि तरी बँडवाल्याच्या सलामाला जवाब देतो, त्याच्यापुढे आम्ही अदबीने उभे राहू. त्याचे मत आम्हाला पटो वा न पटो.

आमच्या वर्गात घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली मुले येतात. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो. रिक्षा, जरीकाम, बेकरी, वेल्डिंग. एका मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. रकान्यात लिहिले होते 'मजदूरी'. विचारले तर म्हणाला, "सर, अब्बा ने यही लिखने को बोला." आम्ही याच मुलांना सच बोलण्याचे धडे देतो, त्यावर गुणही देतो. आता त्याला खोडून 'वादक' लिही म्हणावे, तर मधल्या सुट्टीत त्याच्या वाट्याला काय येईल, तेही आम्हाला दिसते. रकाना तसाच ठेवला.

एक सहकारी म्हणाले, एवढीच शरम असेल तर त्याने दुसरे काम धरावे. धरतोच तो. पावसात लग्ने थांबली की तो बिगारीवर जातो. आणि सीझन सुरू झाला, की आपलीच माणसे बयाना घेऊन त्याच्या दारात उभी.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक एका शादीला गेलो होतो. आत दस्तरखान पडले होते, बिर्याणीच्या देगा उघडल्या होत्या. बाहेर फुटपाथवर बँडवाले लाल कोट घालून, वाद्ये मांडीवर घेऊन बसले होते. त्यांत त्या मुलाचे वडीलही होते. आम्ही सलाम करायच्या आत त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.