क्षमा आणि माफी

दिंडोरी तालुक्यात 'माफी' हा शब्द कानी पडला की शेतकऱ्याच्या मनात प्रथम कर्जमाफी उभी राहते. पापाची माफी मागाहून. यात आम्हांस वावगे वाटत नाही, कारण शब्दाचा इतिहासच तसा आहे. अरबीत 'अफ्व' म्हणजे पुसून टाकणे. त्याच्याच घरचा 'मुआफ' फारसीच्या वाटेने मराठी दफ्तरात आला आणि सारामाफी, फीमाफी असे देण्याघेण्याचेच शब्द देऊन गेला. 'क्षमा' संस्कृत आहे. 'क्षम्' या धातूचे अर्थ दोन: सहन करणे आणि समर्थ असणे. 'सक्षम' हा याच कुळातला शब्द. नांगराचा फाळ सोसून पीक देणाऱ्या पृथ्वीलाही संस्कृतात 'क्षमा' म्हणतात.

एक शब्द पाटी पुसतो, दुसरा भार सोसतो. मग प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण काय मागतो? मत्तयच्या ग्रीक शुभवर्तमानात तेथे 'ऋण' आहे, लूकने 'पाप' म्हटले आहे. येशूच्या अरामी बोलीत एकच शब्द दोहोंसाठी चाले. म्हणजे आपल्या शेतकऱ्याची समजूत अगदीच परकी नाही.

२०१९ साली राज्याने महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने कर्जमुक्ती योजना आणली. दोन लाखांपर्यंतची थकीत पीककर्जे सोसायटीच्या वहीतून गेली. पण रक्कम हवेत विरली नाही, ती सरकारी तिजोरीने भरली. कोणी सोसल्यावाचून काही पुसले जात नाही. माफीच्या पाठीशी क्षमा उभी असते ती अशी. नियमित फेड करणारे तेव्हा रुसले, आणि त्यांच्यासाठी ५० हजारांपर्यंतची प्रोत्साहनपर रक्कम ठरली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आम्हांस येथे आठवतो. त्याचा हिशेब चुकीचा नव्हताच. बापही त्याच्यावर रागावत नाही, अंगणात येऊन त्याची समजूत घालतो.

"फादर, माफ केले, पण विसरता येत नाही," असे भाविक सांगतात. शुभवर्तमानातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे सोडून देणे, जाऊ देणे. सोडायचा तो वसुलीचा हक्क. आठवण राहिली म्हणून क्षमा खोटी ठरत नाही. जखम भरल्यावरही वण राहतोच.

मात्र 'सोसणे' या अर्थाचा आपल्या घरांतून फार गैरवापर होतो. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीस वडीलधारे सांगतात, "प्रभूने क्रुसावरून क्षमा केली, तूही कर," आणि संध्याकाळच्या एसटीने तिला परत धाडतात. येथे धातूचा दुसरा अर्थ ध्यानी घ्यावा. जिला 'नाही' म्हणण्याचे सामर्थ्यच उरलेले नाही, तिचे गप्प राहणे ही क्षमा नव्हे, लाचारी आहे. तिला आधी सुरक्षित छप्पर हवे. पुढे क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे तिने ठरवावे. कारण ऋण सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे असेल त्याचाच. समेटाच्या बैठकीला जमलेले पंच मात्र ती रक्कम स्वतःचीच असल्यासारखी सोडून मोकळे होतात, आणि चहा घेऊन घरी जातात.