तोंड धुऊन केलेला उपास

उपास करताना चेहरा पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असं येशूने सांगितल्याचं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, म्हणजे लेंटच्या, पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, जगभरच्या कितीतरी चर्चमध्ये हाच उतारा वाचतात. तरीही पुढचे चाळीस दिवस आमच्यातली पुष्कळ माणसं घरात सुतक असल्यासारखी वावरतात. मला हे पटत नाही, आणि वय वाढतंय तसं अधिकच पटत नाही.

आमचं घराणं भंडाऱ्याच्या स्कॉटिश मिशनच्या वळणातलं. प्रेस्बिटेरियन स्कॉटलंडमध्ये लेंट पाळायची रीतच नव्हती. शास्त्रात नाही त्याची सक्ती नको, हा त्यांचा बाणा. माझ्या आजीने कपाळाला राख कधी लावली नाही. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन एका उपासनेत बसू लागले, आणि लेंट आमच्याही घरात आला. आईने तो मनापासून स्वीकारला: मांसमच्छी बंद, वाचलेले पैसे डब्यात, डबा ईस्टरच्या आधी गरजूच्या घरी. मी अजून तसंच करते. शिवाय चहातली साखर सोडते.

मंडळीतल्या एका तरुण आईने मला एकदा काकुळतीने विचारलं, "मावशी, लेंटमध्ये एखाद्या गोष्टीने मन सुखावलं तर उपास मोडतो का हो?" नवरा कामासाठी बाहेरगावी, दोन लहान मुलं, दिवसभर घरात एकटी, मन आधीच खचलेलं. आणि तिला मोहराच्या वासाचा, पोराच्या हसण्याचासुद्धा अपराध वाटत होता.

नाही मोडत. उपासात सोडायचा असतो तो हव्यास. जे हिसकावलं नाही, विकत घेतलं नाही, आपसूक समोर आलं, ते नाकारणं ही देणाऱ्याशी कृतघ्नता आहे. आणि हव्यास थोडा कमी झाला की हेच आधी दिसायला लागतं.

आमच्याकडे तर लेंटचे दिवस म्हणजे आधी पळस आणि मग मोह. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. साकोलीकडच्या एका गावात मी नात्यातल्या घरी मुक्कामाला होते. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या होत्या. मीही गेले. फूल फिकट पिवळं, गुबगुबीत, आतून पोकळ. बोटांना चिकटणारं, दवाने गार. वास एवढा दाट की घशात उतरतो. एकीने ओंजळभर फुलं माझ्या हातावर ठेवली. "खाऊन पाहाजा बाई, गोड आहेत." आधी गोड, मग मागून किंचित उग्र. तिच्यासाठी ती फुलं म्हणजे वाळवून विकायचा माल, कंबर मोडणारी मजुरी. तरी त्यातली ओंजळ तिने मला दिली. त्या दिवशी मी दुपारपर्यंत दुसरं काही खाल्लं नाही आणि दिवसभर मन भरलेलं होतं.

हे मी माझ्या सोयीने रचत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जे नियम लिहिले, त्यातला 49 वा अध्याय लेंटवर आहे. अन्न, झोप, बडबड कमी करा, असं तो सांगतो, पण जे द्याल ते आनंदाने द्या. वर मठाधिपतीला विचारून द्या, नाहीतर त्याचा गर्व होतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46. चाळीस म्हणतात, कारण सहा रविवार उपासात धरत नाहीत. आनंदाची जागा पंचांगातच राखलेली आहे.

मरगळही जुन्यांना ठाऊक होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातला साधू इव्हाग्रियस लिहून गेला, की भर दुपारी एक सैतान येतो, सूर्य हलेनासा वाटतो आणि संन्यासी पुन्हापुन्हा खिडकीबाहेर बघत बसतो. एप्रिलमधली भंडाऱ्याची दुपार ज्याने काढली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इव्हाग्रियसचा उपाय साधा: जागा सोडू नका, हाताला काम द्या, स्तोत्र म्हणा. मी तांदूळ निवडते. चिंचेने घासलेल्या पितळी गडूत माठातलं पाणी घेते आणि घोटाघोटाने पिते.

उपास घराबाहेरही न्यावा लागतो. 2025 मध्ये 13 एप्रिलला झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याची सुरुवात होती आणि दुसऱ्याच दिवशी आंबेडकर जयंती. येशूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात मिरवणुकीत कशाला, असं कोणी म्हणालंही. मी शेजारणींबरोबर पाणी वाटायला उभी राहिले. भुकेल्याला भाकर देणं, जोखड मोडणं हाच खरा उपास, हे यशयाच्या 58 व्या अध्यायात सांगितलंच आहे.

मात्र झोप उडाली, भूक मेली, आठवडेच्या आठवडे कशातच जीव लागेना, तर ती दुपारची मरगळ नव्हे, आजार आहे. मोहाच्या फुलांनी तो बरा होत नाही. त्या तरुण आईला मी आधी डॉक्टरकडे नेलं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही मिळते. घरात असं कोणी असेल, तर त्याच्याशेजारी बसून तो नंबर तुम्हीच लावून द्या.