बेथेल, जालन्याजवळचं

बायबलविषयी बोलणं निघालं की माणसं लगेच दोन बाजूंना जाऊन बसतात. एकाला त्यातलं अक्षर न् अक्षर खरं वाटतं, दुसऱ्याला सगळं रचलेलं. आपण मराठवाड्यातली माणसं, निदान आपल्याला तरी असं वाटायला नको. परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या शेजारी गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. पांडुरंग तिच्याबरोबर दळायला बसला, यावर इथलं कुणी पुरावा मागत नाही. नामदेवांच्या घरात ती दासी म्हणून राबली, यावरही कुणी शंका घेत नाही. श्रद्धा आणि इतिहास या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात आहेत आणि ऐकणाऱ्याची त्यात कधी गफलत होत नाही.

बायबलमधल्या राजांकडेही असंच पाहावं लागतं. ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. बायबल सांगतं की देवदूताने एका रात्रीत त्याच्या छावणीतली एक लाख पंच्याऐंशी हजार माणसं मारली. १८३० साली निनवेच्या अवशेषांत मातीचा एक षटकोनी स्तंभ मिळाला, त्यावर सन्हेरीबाची स्वतःची हकिकत कोरलेली आहे. त्यात देवदूत नाही, पराभव तर नाहीच. यहूदाच्या हिज्कीया राजाला यरुशलेमेत कसं कोंडून टाकलं, याची फुशारकी मात्र भरपूर. पण ते शहर जिंकलं, असं त्यालाही म्हणता आलेलं नाही. गंमत खंडणीच्या हिशेबात आहे. सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचं जुनं माप). चांदी बायबलमध्ये ३००, सन्हेरीबाकडे ८००. एकमेकांच्या वैऱ्यांनी लिहिलेल्या दोन वह्यांत सोन्याचा आकडा जुळतो, तेव्हा हिज्कीया होता, वेढा पडला होता आणि खंडणी गेली होती, हे मान्य करावंच लागतं. देवदूताचं काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

याउलट इस्राएलच्या अम्री राजाचं. बायबल त्याला जेमतेम पाच-सहा वचनांत गुंडाळतं, कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो पापी. त्याने शोमरोन ही राजधानी वसवली, एवढं सांगून लेखक पुढे निघून जातो. पण अश्शूरच्या दरबारात त्याच्यानंतर कित्येक वर्षं इस्राएल म्हणजे अम्रीचं घराणं, अशीच ओळख होती. पुढे राजा झालेल्या येहूने ते घराणं कापून काढलं, आणि अश्शूरच्या काळ्या दगडी स्तंभावर त्याच येहूचा उल्लेख अम्रीचा मुलगा म्हणून झाला! पाप-पुण्याच्या हिशेबात लहान ठरलेला माणूस राज्यकारभारात मोठा असू शकतो.

हा गुंता परका नाही. पालम तालुक्यातून वाहणाऱ्या गोदावरीच्या, म्हणजे इकडच्या बोलीत गंगेच्या, वरच्या अंगाला पैठण आहे. तिथल्या सातवाहनांना मत्स्यपुराण साडेचारशेहून अधिक वर्षं देतं, वायुपुराण तीनशेच. खरा आधार मिळाला तो नाणेघाट आणि नाशिकच्या शिलालेखांतून, आणि १९०६ साली जोगलटेंभीला सापडलेल्या नाण्यांतून. क्षत्रप नहपानाच्या हजारो नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. म्हणून पुराणं खोटी ठरली का? नाही, फक्त त्यांना कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता नाही, ते कळलं.

बायबलमधलं एक गाव तर मराठवाड्यातच येऊन वसलं. परभणीहून सेलू, परतूर मागे टाकत गेलं की जालना लागतं. तिथे एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री काम करत होते. ते मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही, यावर तेव्हा मुंबईत रण माजलं होतं आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले होते. (जांभेकरांची ही बाजू आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही.) पुढे जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर शेषाद्रींनी नवख्रिस्ती कुटुंबांची वस्ती उभी केली. त्यांत मांग आणि महार कुटुंबं होती. वस्तीचं नाव ठेवलं बेथेल.

ते नाव याकोबाच्या गोष्टीतलं. घर सोडून निघालेला याकोब दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली आणि त्या जागेला त्याने देवाचं घर म्हटलं. गावकुसाबाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव शोभतं. पण बायबलमधलं बेथेल एवढ्यावर थांबत नाही. यराबाम राजाने तिथे सोन्याचं वासरू बसवलं, पुढे योशीया राजाने तिथली वेदी फोडली. रामल्लाजवळचं बेतीन हे गाव म्हणजे ते बेथेल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९३४ पासून तिथे उत्खननं झाली, वासराचं देऊळ काही हाती लागलं नाही.

मला मात्र याकोबापेक्षा आमोसचं बेथेल या वस्तीच्या अधिक जवळचं वाटतं. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांवर आणि हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर त्याने तोंड सोडलं. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरोखरच निघाले. १९१० साली तिथे खापरंही सापडली, कुठून किती तेल आणि दारू आली याच्या नोंदींची. देणाऱ्या वाड्यांची नावं त्यांत आहेत, पिकवणाऱ्यांच्या पोटात काय गेलं त्याची नोंद अर्थातच नाही. ती आमोसने केली. आणि बेथेलचा पुजारी अमस्या याने त्याला बजावलं, की हे राजाचं देवस्थान आहे, तू आपल्या मुलखात जा आणि तिथेच भाकरी खा.