नास्तिक जावयाविषयी धाकट्या भावाला

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी चांगली आहे, आपल्या पोरीनं स्वतः निवडलेला आहे. सगळं पसंत असताना तुझं अडलं ते एवढ्यावर की तो देव मानत नाही. “ज्याला देवाचं भय नाही त्याला धरबंध कशाचा?” असं तू फोनवर विचारलंस. तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते. माझी वारी, माझी एकादशी तुला ठाऊक आहे. तो विश्वास बाजूला ठेवून मी हे लिहीत नाही.

एकनाथांची गोष्ट आठव. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघालेले, आणि वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं तेव्हा ते पाणी त्यांनी त्याच्या तोंडात ओतलं. लहानपणी आपण दोघांनीही ही गोष्ट ऐकली, आणि रामेश्वराचा अभिषेक बुडाला म्हणून नाथांना दोष द्यावा असं आपल्याला कधी वाटलं नाही. का वाटलं नाही? दया विधीपेक्षा मोठी, हे कुणी पोथीतून पटवून देण्याआधीच आपल्याला कळत होतं म्हणून. तू म्हणशील, नाथांना त्या गाढवात देव दिसला. दिसलाच असेल, मी तेच मानते. पण एखाद्याला तिथे फक्त तहानलेलं गाढव दिसलं आणि त्यानंही कावड रिकामी केली, तर त्याचं पुण्य कमी कसं धरायचं? मला तर ते जमत नाही.

भयाचं म्हणशील तर आपल्या गावात देवळाच्या पैशांचा घोळ कुणी केला ते तू जाणतोस. पहाटेची काकडआरती त्यांची कधी चुकली नाही. देव बघतो आहे हे त्यांना शिकवायला नको होतं. ते त्यांना रोज ऐकू येत होतं. भयानं माणूस चार लोकांत सांभाळून वागतो. पण दुसऱ्याचं दुःख ज्याला टोचत नाही त्याला भय किती दिवस पुरणार?

शिवाय आपल्या शेजारच्या जैन कुटुंबाचा विचार कर. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर जैन दर्शन मानत नाही, आणि अहिंसेचा आग्रह त्यांच्याइतका कुणी धरला? बुद्धानंही पंचशील सांगताना ते पाळून घेणारा ईश्वर वर बसवला नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांचं म्हणणंच असं आहे की इतर धर्मांत ईश्वराची जी जागा, ती धम्मात नीतीची. हे सगळे धर्मच आहेत, मान्य. पण ईश्वराशिवाय नीती उभी राहत नाही, ही तुझी भीती त्यांनी केव्हाच खोटी ठरवली आहे.

आणि धर्मही न मानणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात थोडी झाली का? कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर बघ. एम. ए. होणाऱ्या मुलाकडून मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यांनी आईला पत्रानं कळवलं आणि पोटापुरत्या पैशांवर शिकवण्यात आयुष्य घातलं. 1888 मध्ये ‘सुधारक’ काढलं, विधवांची आणि मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली, तर पुण्यातल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. चाळिशी गाठायच्या आत, 1895 मध्ये ते गेले. मेल्यानंतर काही मिळेल ही आशा त्यांना नव्हती, तरी हे सारं सोसलं. र. धों. कर्व्यांचं उदाहरण तर लग्नाच्या संदर्भात मला जास्त जवळचं वाटतं. बायकांच्या जिवावर बेतणारी बाळंतपणं थांबावीत म्हणून संततिनियमनाचा प्रचार केला, त्यापायी प्राध्यापकी गेली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, तरी 1953 मध्ये मरेपर्यंत ते मासिक चालवलं. पत्नी मालतीबाई नोकरी करून घर सांभाळत होत्या. नास्तिक माणसाचा संसार कसा असतो असं तुला वाटत असेल तर हाही एक संसार होता.

आता दुसरी बाजू, कारण मुलगी आपली आहे. देव न मानणं हा काही गुण नव्हे. कशाचंच ओझं नको म्हणून नास्तिक झालेले तरुणही मी पाहिले आहेत. धर्म माणसाला काही गोष्टी आयत्या देतो: दुःखात जमणारी माणसं, वर्षाचे सण, मन मोकळं करायला विठ्ठलासारखा कुणी. ज्यानं हे सोडलं त्याला त्या जागी काहीतरी स्वतः उभं करावं लागतं, आणि हे काम सोपं नाही. या मुलानं ते केलं आहे का, हे बघणं बाप म्हणून तुझा हक्क आहे.

पण ते “देव आहे की नाही” या वादातून कळणार नाही. त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मित्रांना भेट. घरी कामाला येणाऱ्या बाईंशी तो कसा बोलतो ते बघ. आईशी पटत नाही तेव्हा काय करतो, चूक झाली तर माफी मागतो का, उसने पैसे परत करतो का, ते विचार. पोरीला घरात देवघर हवं आहे, हे मला तिनं सांगितलं आहे. त्यावर तो काय म्हणतो ते तिच्यासमोरच विचार. तिची श्रद्धा त्यानं हसण्यावारी नेली तर मीच आधी नको म्हणेन. तो तिच्यासाठी भिंतीला फळी ठोकायला तयार असेल, तर स्वतः हात जोडले नाहीत म्हणून मला त्याच्यात काही उणं दिसणार नाही.

लग्न नोंदणी पद्धतीनं की सप्तपदीनं, हे त्या दोघांना ठरवू दे. मी रविवारी सकाळच्या एस.टी.नं येते. त्यालाही जेवायला बोलाव, आणि मी येईपर्यंत नकार कळवू नकोस. पोरीशी बोलताना ‘नास्तिक’ हा शब्द शिवीसारखा उच्चारतोस, तेवढं मात्र आजच थांबव.

तुझी,
अक्का