अकस्मात धन आणि नावाचा संकोच

इंदापूरची जुनी गढी आणि मालोजीराजे भोसले यांचा संबंध त्या गावी शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. मालोजी तेथील लढाईत पडले, एवढे सांगून बहुधा सारे थांबतात. परंतु शिवछत्रपतींच्या या पितामहाविषयी बखरींतून जी दुसरी हकीकत चालत आली आहे, ती मला त्यांच्या मरणाहूनही अधिक विचारात पाडते. वेरुळास असताना त्यांना देवीचा दृष्टांत झाला, त्याबरहुकूम भूमीत पुरलेले द्रव्य सापडले, आणि त्याचा कोठे गाजावाजा न करता चांभारगोंद्याच्या शेषाजी नाईक पुंडे या सावकाराकडे त्यांनी ते अनामत ठेवले. पुढे वेरुळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला, आणि शंभू महादेवाच्या शिखर शिंगणापुरी, जेथे चैत्रातल्या यात्रेला लोटणारा समुदाय पाण्यावाचून तळमळत असे, तेथे मोठा तलाव बांधला गेला. द्रव्य खरोखरच जमिनीतून निघाले की अन्य मार्गाने आले, याची चिकित्सा इतिहाससंशोधकांनी करावी. अकस्मात धन हाती आलेल्या मनुष्याने काय झाकले आणि काय उघडे केले, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

सोडतीत मोठे बक्षीस लागलेल्या मनुष्याची पहिली विनवणी पुष्कळदा ‘माझे नाव कोठे छापू नका’ अशी असते. केरळात २०२२ साली ओणमच्या सोडतीत २५ कोटींचे बक्षीस लागलेल्या गृहस्थाने थोड्याच दिवसांत जाहीरपणे सांगितले, की मागणाऱ्यांच्या रिघामुळे स्वतःच्या घरात राहणेही अशक्य झाले आहे. बारामती-इंदापूरच्या मुलखात हे समजावून सांगण्यासाठी केरळास जावे लागत नाही. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या रुंदीकरणात ज्यांची जमीन गेली, त्यांची नावे गट क्रमांकासह जाहीर झाली, आणि कोणाला किती मोबदला मिळाला याचा हिशेब खातेदाराच्या आधी पारावर बसलेल्यांनी मांडला. वाडवडिलांच्या जमिनीचे ते मोल होते, त्यात फुकटचा पैसाही नव्हता. तरी कालपर्यंत वाट चुकलेले पाव्हणे दारी आले, गाडीवाले आले, ठेवी मागणारे आले, आणि सख्ख्या बहिणीने हक्कसोडपत्रावर पूर्वी केलेली सही भावाला रात्रीची झोप लागू देईना. ज्याच्या मोबदल्याची ही गत, त्याच्या बक्षिसाची काय होईल?

यास्तव नाव झाकू पाहणाऱ्याला कंजूष अथवा भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भाद्रपदातल्या चतुर्थीला आपल्या घराघरांत स्यमंतक मण्याची कथा सांगतात, ती आपण चंद्रदर्शनाच्या दोषापुरती ऐकतो आणि सोडून देतो. वास्तविक ती दिसणाऱ्या धनाची कथा आहे. सत्राजित तो मणी गळ्यात घालून द्वारकेत आला तेव्हा प्रत्यक्ष सूर्यच आला असे लोकांना वाटले. तोच मणी घालून मृगयेस गेलेला त्याचा भाऊ प्रसेन मारला गेला, निरपराध श्रीकृष्णावर आळ आला, आणि शेवटी सत्राजिताचाही झोपेत घात झाला. पुढे मणी अक्रूराकडे गुप्तपणे राहिला. त्याने सुवर्णवेदींचे यज्ञ आरंभले तेव्हा ते धन कोठून येते हे श्रीकृष्णाने ओळखले. परंतु मणी हिरावून न घेता, आपल्या बांधवांच्या मनातील संशय फिटावा म्हणून तो एकदा सर्वांना दाखवावा, एवढीच विनंती त्याने केली, आणि दाखवून झाल्यावर मणी अक्रूरालाच परत दिला.

या प्रसंगात भागवतकारांनी फार सूक्ष्म निवाडा केला आहे असे मला वाटते. धन आहे आणि ते चोरीचे नाही, एवढे समाजास कळले पाहिजे; त्यापलीकडे धनवंताच्या उंबरठ्याच्या आत समाजाची सत्ता चालत नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात २०१८ साली सुमारे ५६ कोटी डॉलर जिंकलेल्या एका स्त्रीने न्यायालयात हीच दाद मागितली. सोडत खरी झाली, बक्षीस आतल्या माणसाच्या घशात गेले नाही, ही लोकांची खातरी पटावी म्हणून विजेत्याचे नाव उघड असावे, ही तेथील सोडतखात्याची बाजू होती, आणि तीही पोकळ नव्हती. न्यायाधीशांनी तिचे नाव गुप्त ठेवण्यास मुभा दिली, गावाचे मात्र उघड राहू दिले. आपल्याकडेही सरकारदरबारी कोणी अनामिक राहत नाही. बक्षिसातून ३० टक्के प्राप्तिकर वसूल होतो आणि दप्तरात नाव-पत्ता नोंदला जातो. ते योग्यच आहे. दप्तरातले नाव चव्हाट्यावर आणल्याने कोणाचे कल्याण होते, हे मात्र मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

तरीही अनामिकतेचा हा हक्क मान्य केल्यावर खरी अडचण सुरू होते. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली ती लोकांना मटक्याच्या नादापासून वळवावे या हेतूने; पण सोडत सरकारी असली तरी तो जुगारच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. जुगारातले धन येते कोठून? ज्यांचा नंबर लागला नाही अशा हजारोंच्या खिशातून. बारामतीच्या बाजारात भाजीची पाटी विकून उरलेल्या नोटेतून तिकीट घेणारी बाई, ऊसतोडीच्या उचलीतले चार पैसे त्यात घालणारा गडी, यांची नावे कोणी कधी छापीत नाही. विजेता नाव झाकतो तेव्हा तो त्यांच्यापासून दूर जात नाही; एका अर्थी त्यांच्याच निनावी मेळ्यात येऊन उभा राहतो. म्हणून या धनावर त्यांचे ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे आपण पाठ म्हणतो. शतपथ ब्राह्मणाने त्यांच्या जोडीला मनुष्यांचे चौथे ऋण सांगितले आहे, त्याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. आपल्या कष्टावाचून आलेल्या धनाची पूर्वकर्माच्या सिद्धान्ताने कितीही उपपत्ती लावा, ते कोणाच्या कष्टावाचून आलेले नसते.

आणि हे ऋण निनावीच फेडता येते. प्रत्युपकाराची अपेक्षा मनात धरून दिलेले दान गीतेने राजस ठरवले. देणाऱ्याचे नावच कळले नाही तर उपकार फेडायचा कोणाला, हा प्रश्नच मिटतो. या मुलखाला तशा देण्याची सवय आहे. आषाढीच्या वाटेवर पालखीचा मुक्काम पडतो तेव्हा वाटेवरच्या गावांत घरोघरच्या भाकरी एका धडप्यात गोळा होतात, कोणाची ज्वारीची, कोणाची बाजरीची, एखादी करपलेली. वारकरी त्यातली हाताला येईल ती घेतो, आणि ती कोणाच्या तव्यावरची हे त्याला कळत नाही, भाजणारीलाही ती कोणाच्या मुखी गेली हे कळत नाही.

शिंगणापूरच्या तलावाला मालोजींचे नाव चिकटले, म्हणून त्यांचे दान कमी प्रतीचे ठरवावे असे मला वाटत नाही. द्रव्य देवीने दिले, या एका सांगण्याने त्यांनी ते आपल्या कर्तृत्वाच्या खात्यावर मांडणे टाळले. सावकाराकडे झाकून ठेवले ते द्रव्य, आणि दहा गावच्या यात्रेकरूंसाठी उघडे केले ते पाणी. आजच्या विजेत्याने आपले नाव खुशाल झाकावे, परंतु पैसाही त्याच पडद्याआड कुजत ठेवला, सख्ख्या भावाचे आजारपण माहीत असून हात आखडला, तर तेवढ्यापुरती ती गुप्तता अक्रूराचीही नव्हे आणि मालोजींचीही नव्हे. तिच्या बाजूने मी एक अक्षर लिहिणार नाही. सरकारने मात्र तिकिटाचा क्रमांक, रक्कम आणि ते कोणत्या तालुक्यात विकले गेले एवढेच प्रसिद्ध करावे, आणि नाव छापण्यापूर्वी विजेत्याची लेखी संमती घ्यावी.